गुरूच्या यशाचें माप

कारागिराच्या हातून निघालेली वस्तु बहुधा मुकाट्यानें पडून राहते. कुंभाराचें मडकें आव्यांतून निघालें कीं, तें पाझरलें तर दोष कुंभाराचा आणि टिकलें तर कीर्तिहि कुंभाराची. हा हिशेब सरळ आहे. शिक्षकाचा व्यवसाय मात्र मोठा विलक्षण. त्यानें घडविलेलें मडकें आपल्या पायांनीं चालूं लागतें, आपल्या बुद्धीनें वाट धरतें, आणि पुढें तें गंगाजळानें भरलें किंवा वाटेंत फुटलें, तर त्याचें श्रेय वा अपश्रेय घडविणाराच्या पदरीं किती घालावें हें ठरविणें कठीण होऊन बसतें. तरीहि लोक तें ठरवितातच. खेळाच्या शिक्षकाविषयीं तर तें फारच झटपट ठरवितात. कारण इतर शिक्षकांच्या कामास आंकडा चिकटत नाहीं, याच्या कामास तो चिकटतो. भाषेच्या अध्यापकानें जन्मभरांत किती मुलांस कवितेची गोडी लाविली याचा फलक कोठें लागलेला नसतो. पण क्रीडाशिक्षकानें किती सामने जिंकून दिले, किती ढाली आणल्या, किती शिष्य वरच्या संघांत पाठविले, हें महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर रंगवून ठेवतां येतें. दीर्घ काळ यशस्वी ठरलेल्या अशा शिक्षकाच्या कारकीर्दीचें खरें माप कोणतें, आणि भिंतीवरचा फलक हेंच तें माप काय, एवढाच प्रश्न येथें विचारासाठीं घेतला आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरांतून जसा दिसतो तसा तो पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतून दिसत नाहीं. श्रेयाच्या वांटणीचा एक फार जुना धडा या मुलुखांत डोंगरावरच कोरलेला आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा व शिवनेरी या ठिकाणीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं लेणीं आहेत. जुन्नरच्या परिसरांत त्यांची संख्या दोनशेंच्या वर जाते. त्यांतल्या शिलालेखांत ज्यांनीं दानें दिलीं त्यांचीं नांवें आढळतात. कोणी व्यापारी, कोणी धंदेवाल्यांची श्रेणी, कोणी दूर देशाहून येऊन येथें राहिलेला यवन. ज्यानें आपल्या छिन्नीनें तो काळा कठीण खडक कापला त्याचें नांव मात्र तेथें सहसा सांपडत नाहीं. हल्लींच्या क्रीडाजगांत पाथरवटाच्या नांवाची उपेक्षा होत नाहीं हें खरें. त्याचें नांव लागतें, त्याला हारहि पडतात. परंतु तें नांव त्याला मिळतें तें दगड कसा निघाला त्यावरून. खडक एकसंध निघाला तर पाथरवट थोर, आणि भेग निघाली तर पाथरवट सामान्य! जुनी पद्धति निष्ठुर होती. नवी पद्धति न्यायी आहे असें मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें अलीकडचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे क्रिकेटचे शिक्षक रमाकांत आचरेकर यांचें. ते १९३२ सालीं जन्मले व २ जानेवारी २०१९ रोजीं निवर्तले. त्यांचा स्वतःचा खेळ पाहूं गेलें तर प्रथम दर्जाचा अवघा एक सामना त्यांच्या नांवावर आहे. १९६३-६४ च्या हंगामांत स्टेट बँकेच्या संघाकडून ते हैदराबादविरुद्ध खेळले, तोच पहिला आणि तोच शेवटचा. परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कावर त्यांनीं कित्येक दशकें मुलांस शिकविलें, शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघास नांवारूपास आणिलें, आणि त्यांच्या हाताखालून बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर असे एकाहून एक खेळाडू भारताच्या संघांत गेले. सरकारनें त्यांस १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० सालीं पद्मश्री दिली. २०२४ सालीं शिवाजी पार्कावर त्यांचें स्मारकहि उभें राहिलें. ज्या गृहस्थास स्वतः दुसरा सामना मिळाला नाहीं त्याच्या शिष्यांस शेंकडों सामने मिळावे, ही गोष्ट मनास मोहविणारी आहे यांत शंका नाहीं. पण मोह पडला म्हणजे विचार थांबावा असें नाहीं.

पहिला आक्षेप नेहमींचाच आहे. तो असा कीं, ज्यांच्या अंगीं उपजत गुण होते ते कोठेंहि आणि कोणाच्याहि हाताखालीं चमकलेच असते. गुरु केवळ पिकलेल्या आंब्याखालीं झोळी धरून उभा राहिला. या आक्षेपाचें उत्तर देण्यापूर्वीं त्याच्यांत जेवढें सत्य आहे तेवढें पदरांत घेतलें पाहिजे. फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यांत शारदाश्रमच्या दोन मुलांनीं सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली. कांबळी ३४९ धावांवर नाबाद राहिले आणि तेंडुलकर ३२६ धावांवर. एकच गुरु, एकच मैदान, तेच दोन दिवस. आणि त्या दिवसांचा फलक पाहिला तर कांबळी वरचढ. पुढें कांबळी १७ कसोटी सामने खेळले, त्यांत त्यांची सरासरी ५४ च्या वर राहिली, आणि १९९५ सालीं त्यांचें कसोटी खेळणें संपलें. तेंडुलकर २०० कसोटी सामने खेळून २०१३ सालीं निवृत्त झाले. आतां दुसऱ्याच्या दोनशें सामन्यांचें श्रेय गुरूस द्यावयाचें, तर पहिल्याच्या सतरांचा जाबहि गुरूसच कां विचारूं नये? तसा जाब विचारणें कोणाहि समंजस माणसास अन्यायाचें वाटेल. मग ज्या तर्कानें अपश्रेय अन्यायाचें ठरतें त्याच तर्कानें श्रेयहि निम्मेंअधिक गळून पडतें. शिष्याचें दैव, त्याची प्रकृति, त्याचें घर, निवड करणारांची मर्जी, यांपैकीं कांहींहि गुरूच्या हातीं नसतें.

मग गुरूच्या हातीं काय असतें? दोनच वस्तु असतात असें मला वाटतें: प्रसंग आणि संवय. आचरेकर आपल्या स्कूटरवर मागें मुलास बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेत, आणि एक सामना संपतांच दुसऱ्यांत उतरवीत, हें अनेकांनीं सांगितलें आहे. हा प्रसंग. आणि सराव संपत आला, मुलगा थकला, कीं यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचें तें नाणें. कोणासच तें साधलें नाहीं तर फलंदाजाचें. थकलेल्या अंगानें सावध राहण्याची ही संवय. तेंडुलकर यांनीं अशीं तेरा नाणीं मिळविलीं व तीं मोठ्या प्रेमानें जपून ठेविलीं, ही हकीकत महाराष्ट्रांतल्या मुलांस पाठ आहे.

परंतु या सुप्रसिद्ध हकीकतींत एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें नाणें फलंदाजाचें नव्हतें. तें मध्यें ठेविलेलें होतें. त्याच्यावर जितका हक्क बॅट धरणाराचा तितकाच चेंडू टाकणाराचा होता. संध्याकाळच्या सावल्या लांबल्या असतां, त्या एका रुपयाच्या आशेनें आणि त्याहून अधिक ईर्ष्येनें, धांवून धांवून चेंडू टाकणारीं तीं दुसरीं मुलें कोण होतीं? त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. तीं तेरा नाणीं म्हणजे एका दृष्टीनें त्यांच्या हरण्याच्या तेरा पावत्या होत. पण तीं मुलें मन लावून चेंडू टाकीत नसतीं तर त्या नाण्यांस किंमत काय राहिली असती? म्हणजे ज्यांस आपण मागें राहिलेले शिष्य म्हणतों ते खरोखर पुढें गेलेल्या शिष्याचे अर्धे गुरु असतात. फलकाच्या हिशेबांत हीं मुलें शून्य आहेत. वस्तुतः त्यांच्यावांचून फलकावरचा एकहि आंकडा उभा राहत नाहीं.

त्याच ६६४ धावांच्या भागीच्या वेळीं पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुजुमदार नांवाचा मुलगा पायांस पॅड बांधून बसून होता. भागी फुटलीच नाहीं, आणि त्याची पाळी आली नाहीं. पुढें १९९४ सालीं मुंबईकडून रणजी सामन्यांत पदार्पण करतांना त्यांनीं हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पदार्पणांतला तो त्या काळचा विश्वविक्रम होता. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांच्या ११,००० हून अधिक धावा झाल्या. तथापि भारताच्या संघांत त्यांस एकदांहि स्थान मिळालें नाहीं. पुढें ते स्वतःच शिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारतीय स्त्रियांच्या संघानें नवी मुंबईंत विश्वचषक जिंकला तेव्हां त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. चंद्रकांत पंडित यांचेंहि तसेंच. त्यांस कसोटी सामने पांचच मिळाले. पण त्यांच्या शिकवणीखालीं विदर्भानें लागोपाठ दोनदां व नंतर २०२२ सालीं मध्यप्रदेशानें रणजी करंडक मिळविला. या उदाहरणांवरून, थांबणारास शेवटीं फळ मिळतेंच, असा गोड बोध काढण्याचा मोह आवरला पाहिजे. पुष्कळांस तें मिळत नाहीं. बोध निघतो तो एवढाच कीं, गुरूच्या शिकवणीचा कोणता भाग कोणत्या शिष्यांत रुजेल आणि किती वर्षांनीं वर येईल, हें गुरूस कळत नाहीं. म्हणून शिष्यांची प्रतवारी लावून आपली आस्था त्याप्रमाणें वांटण्याचा अधिकारहि त्याला पोंचत नाहीं.

यशस्वी शिक्षकापुढचा सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि आमच्या पूर्वजांनीं तो ओळखला होता. द्रोणाचार्य हे महाभारतांतले सर्वांत यशस्वी शिक्षक. फलकाच्या दृष्टीनें पाहतां त्यांच्याएवढा शिष्यसंग्रह कोणाचा नाहीं. पण द्रोणांस शिष्य कशासाठीं हवे होते? द्रुपदानें केलेल्या अपमानाचा सूड उगविण्यासाठीं. आणि राजपुत्रांचें शिक्षण संपतांच त्यांनीं गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदास बांधून आणण्याचीच. शिष्य हा जेथें साधन झाला तेथें एका शिष्यास अद्वितीय करणें हें व्रत होऊन बसतें, आणि मग रानांत मातीच्या मूर्तीपुढें शिकलेल्या निषादपुत्राचा अंगठा मागणें ही फक्त पुढची पायरी असते. एकलव्याच्या कथेंत आपण जातीचा अन्याय पाहतों, आणि तो तेथें आहेच. पण त्याच्या जोडीला दुसराहि एक अन्याय आहे, आणि तो अगदीं सज्जन, निःपक्षपाती अशा शिक्षकाच्या हातूनहि घडूं शकतो. पहिला कोण हें एकदां ठरलें कीं इतरांच्या गुणांची अडचण वाटूं लागते. मौज अशी कीं, आपल्या राष्ट्रानें १९६१ सालीं खेळाडूंच्या पुरस्कारास अर्जुनाचें नांव दिलें, १९८५ सालीं शिक्षकांच्या पुरस्कारास द्रोणाचार्यांचें दिलें, आणि पुढें आदिवासी मुलांच्या निवासी शाळांस एकलव्याचें दिलें. तिघांसहि मान मिळाला. तिघांमध्यें जो व्यवहार घडला त्याचा निकाल मात्र अजून कोणी लावला नाहीं.

हा निकाल लावण्यास शिवाजी पार्कापेक्षां जुन्नर-आंबेगांव ही अधिक योग्य जागा आहे. या दोन तालुक्यांच्या पश्चिमेस भीमाशंकरापासून नाणेघाटापर्यंत सह्याद्रीची कडा. तेथें पाऊस धो धो पडतो, भाताचीं खाचरें आहेत, आणि महादेव कोळ्यांच्या लहान लहान वाड्या आहेत. पूर्वेस धरणांच्या पाण्यावर ऊंस, कांदा, टोमॅटो पिकविणारीं बागाइती गांवें आहेत. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगांव येथें महाविद्यालयें निघालीं, आणि दोन्हीकडचीं मुलें तेथें एका बांकावर आलीं. अशा एकाद्या ठिकाणचा क्रीडाशिक्षक वाचकांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. त्याला मुलगा वा मुलगी मिळते ती तीन वर्षांपुरती. दर वर्षीं चाळीस नवे विद्यार्थी मैदानावर आले असें धरलें तर तीस वर्षांच्या नोकरींत बाराशें होतात. त्यांतून एकादा राज्याच्या संघांत गेला तर त्याचें नांव फलकावर सोनेरी अक्षरांनीं येईल, आणि निरोपसमारंभांत पाहुणे त्याच एका नांवाचा उल्लेख करतील. मग उरलेल्या अकराशें नव्याण्णवांचें काय?

ते कोण आहेत हें कोणासहि ठाऊक आहे. कोणी बापाच्या शेतावर गेला. कोणी टेंपो चालवितो. कोणी पोलीसभरतीच्या मैदानी परीक्षेसाठीं पहांटे सोळाशें मीटर धांवत असे. तो एका गुणानें राहिला किंवा एका गुणानें लागला. कबड्डीच्या संघांतली चपळ मुलगी लग्न होऊन सासरीं गेली, आणि तिचा खेळ तेथेंच थांबला. या सर्वांनीं आपल्या आयुष्यांतल्या सर्वांत ताज्या वर्षांतल्या शेंकडों सकाळ-संध्याकाळ त्या शिक्षकाच्या स्वाधीन केल्या होत्या. त्यांच्या हातीं जर शेवटीं 'तूं कमी पडलास' एवढेंच एक वाक्य आलें असेल, तर मी म्हणेन कीं, तो सोनेरी अक्षरांचा फलक कितीहि चकचकीत असला तरी त्या शिक्षकानें एक घडविला आणि अकराशें नव्याण्णव दुखविले. हा हिशेब कोणी मांडीत नाहीं म्हणून तो खोटा ठरत नाहीं.

या भागांतल्या जत्रांतून कुस्त्यांचे फड होतात तेथें खेड्यांतल्या जाणत्या माणसांनीं या प्रश्नाचें एक साधें उत्तर फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. फडाचा आरंभ होतो तो लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनीं. गर्दी लोटते ती शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीला. परंतु फड भरविणारा पंच पहिल्या कुस्त्या गाळीत नाहीं. लाल मातींत लोळून उठलेलें पोर जिंको वा हरो, त्याच्या पाठीवर एकादा म्हातारा थाप मारतोच. त्या थापेंत फसवणूक नसते. तूं हिंदकेसरी होशील असें कोणी त्याला सांगत नाहीं. तूं मातींत उतरलास आणि नेमानें लढलास, एवढेंच ती थाप सांगते. आणि तेवढें खरें असतें.

महाविद्यालयीन खेळास ज्या देशांत सर्वांत अधिक मान आणि सर्वांत अधिक पैसा आहे त्या अमेरिकेंतहि विचारी माणसांस हाच प्रश्न पडला होता. बास्केटबॉलचा खेळ तेथें जन्मला. हिंवाळ्यांत बंद जागेंत खेळतां यावें म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून तो शोधून काढला. पुढें १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठांत तो स्वतः संघ चालवूं लागला. ज्यानें खेळच निर्माण केला त्याची कारकीर्द केवढी उज्ज्वल असावी! परंतु त्याच्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या पुरुषसंघाच्या सर्व शिक्षकांत जिंकण्याहून हरणें अधिक असा तो एकटाच. त्याचा शिष्य फॉग ॲलन हा पुढें त्याच विद्यापीठांत थोर प्रशिक्षक झाला. आणि ॲलनच्या हाताखालीं १९५२ सालच्या विजयी संघांत जो एक तरुण होता त्याचें नांव डीन स्मिथ. म्हणजे हरलेल्या गुरूचा हा प्रशिष्य.

या डीन स्मिथनें १९६१ पासून १९९७ पर्यंत, छत्तीस वर्षें, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ सांभाळला, ८७९ सामने जिंकले, आणि १९८२ व १९९३ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. मायकेल जॉर्डन हा जगद्विख्यात खेळाडू त्याचाच विद्यार्थी. फलक लावावयाचा तर भिंत पुरणार नाहीं. पण त्याच्या संघाची एक रीत अशी होती कीं, ज्यानें गुण मिळविला त्यानें, ज्यानें आपल्याला चेंडू दिला त्याच्याकडे लगेच बोट दाखवावें. आणि फेब्रुवारी २०१५ मध्यें तो वारल्यावर त्याचें मृत्युपत्र उघडलें तेव्हां असें आढळलें कीं, आपल्या संघांत मानाचें पद मिळविलेल्या सुमारें १८० माजी खेळाडूंपैकीं प्रत्येकास त्यानें दोनशें डॉलर ठेविले होते. बाहेर एकादें चांगलें जेवण घ्यावें, आणि तें आपल्या शिक्षकाकडून आहे असें समजावें, एवढीच त्यांतली इच्छा. जॉर्डनसारख्या कोट्यधीशास दोनशें डॉलर ही रक्कम हास्यास्पद. आणि ज्याला कोणी ओळखत नाहीं अशा एकाद्या राखीव खेळाडूसहि तितकीच. या समानतेंतच त्या मृत्युपत्राचा सारा अर्थ आहे. सामन्यांच्या वहींत त्या दोघांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. गुरूच्या वहींत दोघांच्याहि नांवापुढें एकच आंकडा होता.

आतां दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल कीं, ही सारी हरणारांची समजूत आहे. ज्या शिक्षकास जिंकतां येत नाहीं तो 'मीं मुलांचें चारित्र्य घडविलें' असें सांगून मोकळा होतो. चारित्र्यास आंकडा नाहीं, म्हणून तें सांगणें सोपें. हा आक्षेप टाळतां येणार नाहीं. असे शिक्षक असतात. शिट्टी वाजवून सावलींत बसणें व मुलांस आपोआप चारित्र्य येईल अशी आशा करणें, याला शिकविणें म्हणत नाहींत. जिंकण्याची खरीखुरी इच्छा नसेल तर खेळ हा खेळच राहत नाहीं, आणि मुलें तें तत्काळ ओळखतात. ज्या सरावांत यष्टीवर नाणें नाहीं त्या सरावांत कोणी जीव ओतीत नाहीं.

परंतु हेतु वेगळा आणि माप वेगळें. वैद्याचा हेतु रोग बरा करणें हाच असला पाहिजे. रोग बरा न झाला तरी चालेल असें म्हणणारा वैद्य आपण दाराशीं उभा करणार नाहीं. तरीहि वैद्याची खरी पारख होते ती बहुधा असाध्य रोग्याच्या उशाशीं. तो तेथें यावयाचा टाळतो काय, खोटी आशा लावतो काय, कीं खरें सांगून दुसऱ्या दिवशींहि तितक्याच नेमानें येतो, हें पाहावें. क्रीडाशिक्षकाचेंहि तसेंच आहे. त्याचा हेतु जिंकण्याचाच असावा. पण त्याचें माप पाहावयाचें तें, ज्याला आपण पुढें नेऊं शकणार नाहीं हें त्याला कळून चुकलें आहे, अशा विद्यार्थ्याशीं तो कसा वागतो यावरून. 'तुझी उंची, तुझी गति एवढीच आहे. तूं वरच्या संघांत जाणार नाहींस' हें त्याला स्पष्ट सांगणें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यालाच, त्याच आस्थेनें, तोच पवित्रा पुनः शिकविणें, ही गोष्ट ऐकावयास सोपी आणि करावयास फार कठीण आहे. पहिल्या अर्ध्यास सत्य लागतें, दुसऱ्यास प्रेम लागतें. आणि बहुतेक शिक्षकांपाशीं या दोहोंपैकीं एकच असतें.

तेंडुलकर यांनीं २०१३ सालीं निवृत्तीच्या वेळीं केलेल्या भाषणांत असें सांगितलें होतें कीं, एकोणतीस वर्षांत आचरेकर सरांनीं आपल्याला 'चांगला खेळलास' असें कधीं म्हटलें नाहीं. मुलानें सैल पडूं नये ही त्यांतली काळजी. पुष्कळ शिक्षकांनीं या गोष्टीवरून न बोलण्याचा धडा घेतला आहे. पण तो धडा ज्याच्या यशाची ग्वाही सारें जग देत होतें त्याच्या बाबतींतला आहे. त्याला गुरूच्या शब्दाची गरज नव्हती. गुरूच्या मौनाची होती. ज्याच्याविषयीं जग कधींच कांहीं बोलणार नाहीं अशा भीमाशंकराच्या पायथ्याच्या पोराच्या बाबतींत तेंच मौन कृपणपणा ठरेल. त्याच्या वांट्याला आयुष्यांत खेळाबद्दलचा जो एक खरा शब्द यावयाचा तो त्या शिक्षकाच्याच तोंडून येणार आहे. समान आस्था म्हणजे सर्वांस सारखी वागणूक असें नव्हे. प्रत्येकाची उणीव सारख्याच बारकाईनें पाहणें म्हणजे समान आस्था.

तेव्हां फलक उतरवावे असें माझें म्हणणें नाहीं. विजयाचें कौतुक व्हावें, पुरस्कार मिळावे, स्मारकें उभारावीं. ज्या समाजांत क्रीडाशिक्षकास दोन पिढ्यांपूर्वीं कोणी विचारीत नव्हतें त्या समाजांत तें योग्यच आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, फलकावरून आपणांस शिष्यांविषयीं कळतें. गुरूविषयीं फार थोडें कळतें. त्याच्यासाठीं दुसरी कसोटी पाहिजे, आणि ती कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं घेतां येण्यासारखी आहे. चाळिशीला आलेला, ज्याचें नांव कोणत्याच भिंतीवर नाहीं असा एकादा माजी विद्यार्थी, बाजाराला आला असतां महाविद्यालयाच्या मैदानावरून चालला आहे. आंत त्याचा म्हातारा शिक्षक नव्या मुलांस कांहीं दाखवीत उभा आहे. हा माणूस मान खालीं घालून झपझप पुढें निघून जातो, कीं आपल्या पोराचा हात धरून फाटकांतून आंत वळतो, एवढेंच पाहावें.